बत्तीस रोपांची वही

आषाढ लागला की आपल्या घरी दोन प्रकारच्या पत्रिका येऊ लागतात. एक चातुर्मास प्रवेशाची आणि दुसरी वृक्षारोपणाची. पहिलीविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. दुसरीविषयी मात्र निवृत्तीनंतरच्या काही वर्षांत चार शब्द लिहिण्याइतका अनुभव पदरी पडला आहे, आणि तो आपल्या व्यापारी कुटुंबांपुढे ठेवावा असे बरेच दिवस मनात होते.

बँकेत माझी 36 वर्षे गेली, त्यांतील बरीचशी कर्ज विभागात. कर्जवाटपाचे मेळावे मी पुष्कळ पाहिले. मंडप असे, पाहुणे असत, धनादेश हातात धरून छायाचित्रे निघत. पुढे त्या कर्जदाराच्या दुकानात जाऊन माल आहे की नाही, हप्ते का थांबले, हे पाहायला एखादा कनिष्ठ अधिकारी एकटाच जाई आणि त्याच्या त्या फेरीची बातमी कोठेही छापून येत नसे. पण कर्ज बुडणार की तरणार हे त्या फेऱ्यांवर ठरे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांना जाऊ लागल्यावर मला त्या मेळाव्यांची आठवण वारंवार होऊ लागली.

आमची वसाहत पुण्याच्या दक्षिण भागात आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. जुलै 2021 मध्ये आमच्या व्यापारी मित्रमंडळाने या रस्त्यावर 32 रोपे लावली. मी मंडळाचा सदस्य नव्हतो. पण बँकेतला माणूस म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. खर्चाची नोंद अशी : रोपे 3,840 रुपये, लोखंडी जाळ्या 28,800 रुपये, खड्ड्यांची मजुरी 4,800 रुपये, आणि मंडप, ध्वनिक्षेपक, फलक व अल्पोपाहार मिळून 34,000 रुपये. एकूण 71,440 रुपये. वहीत ‘पाणी’ या नावाचे खाते नव्हते. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘पाऊस आहे ना, साहेब!’

पुण्यात पाऊस वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने रोपाने काय प्यावे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. म्हणून मी त्याच वहीच्या मागच्या बाजूने एक कोष्टक आखले. रोपाचा क्रमांक, जात, कोणाच्या दुकानासमोर, पाहणीची तारीख आणि शेरा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी फिरायला निघालो की वही बरोबर असे.

जून 2024 मध्ये, म्हणजे तिसरा उन्हाळा सरला तेव्हा, 32 पैकी 9 रोपे उभी होती. गेलेल्या 23 रोपांसमोरचे शेरे मी एकत्र केले. पाण्याअभावी 7. गटार किंवा केबलसाठी खोदकाम झाले त्यात 5. बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसविल्यामुळे 3. वाहनांच्या धडकेने 3. जाळी किंवा तार खोडात रुतून 2. शेळीने खाल्ल्यामुळे 1. कारण कळले नाही अशी 2. पाणी हे सर्वांत मोठे कारण होते, तरी तीनांतली दोनांहून अधिक रोपे दुसऱ्याच कारणांनी गेली होती. हा हिशेब पाहून मलाही आश्चर्य वाटले, कारण ‘पाणी घाला, झाडे जगवा’ एवढेच आपण ऐकत आलेलो असतो.

खड्ड्यापासून सुरुवात करू. जुने माळी सांगत की खड्डा वैशाखात खणावा, हातभर लांब-रुंद नव्हे तर कमरेइतका खोल. त्याला महिनाभर ऊन दाखवावे, मग पालापाचोळा, शेणखत आणि चांगली माती भरून पहिल्या पावसाची वाट पाहावी. आमचे खड्डे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी खणले गेले, वीतभर वरून मुरूम लागला आणि खालून विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, सिमेंटचे गठ्ठे निघाले. शहरातील रस्त्याकडेची जमीन ही बहुधा माती नसतेच. कुठल्या तरी जुन्या बांधकामाचा तो राडारोडा असतो. त्यावर रोलर फिरून ती इतकी दाबली जाते की तिच्यात हवाही शिरत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बहुतेक झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळे वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात, तीही फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत. आपण पाचवीत काढलेल्या चित्रात झाडाखाली तितकेच मोठे उलटे झाड असे, त्या चित्राने आपल्या अभियंत्यांचीही दिशाभूल केली असावी असे मला कधीकधी वाटते.

येथे एक कौटुंबिक गोष्ट सांगतो. आमच्या घरातील वडीलधाऱ्या काकूंचा या कार्यक्रमाला पहिल्यापासून विरोध होता. चातुर्मासात ओली जमीन खणू नये, तिच्यात असंख्य जीव असतात, असे त्यांचे म्हणणे. तरुण मंडळी हसली. पण खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावेत हे माळ्याचे शास्त्र आणि पावसात खणू नये हा काकूंचा नेम, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. गेल्या वर्षीपासून आमचे खड्डे अक्षय्य तृतीयेच्या आसपास तयार होतात आणि काकू आता स्वतः गच्चीवरून देखरेख करतात.

रोपवाटिकेतून येणाऱ्या रोपाकडेही खरेदीदाराच्या नजरेने पाहावे. आपण कापडाचे ठाण उलगडून पाहतो, धान्य मुठीत घेऊन पाहतो. रोप मात्र उंची पाहून घेतो. काळ्या पिशवीत दोन-तीन वर्षे राहिलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल गोल फिरलेली असतात. तशीच ती जमिनीत गेली तर पुढेही गोलच वाढतात आणि दहा-बारा वर्षांनी एखाद्या वादळात झाड मुळासकट उपटून पडते. आमच्या मेलेल्या रोपांपैकी चार मी स्वतः उकरून पाहिली. त्यांतील दोन पिशवीसकट लावलेली होती. पाहुणे घाईत असतील.

लोखंडी जाळीविषयी माझे मत कोणाला रुचेल असे नाही. जाळी गुरांपासून आणि गाड्यांपासून राखण करते हे खरे; पण आमच्याकडे जाळीचा खर्च रोपाच्या साडेसात पट होता आणि त्याचे एक कारण असे की दात्याच्या नावाची पाटी जाळीवर लागते. रोप मेल्यावरही पाटी वाचता येत होती. जेथे रोप जगले तेथे तीच जाळी तीन वर्षांनी खोडाला आवळू लागली, कारण ती वेळेवर सैल करण्याचे किंवा काढण्याचे काम कोणाचेच नव्हते. आधाराच्या काठीला बांधलेली प्लॅस्टिकची सुतळी सालीत रुतते. तिच्याऐवजी कापडाच्या काठाच्या रुंद पट्ट्या, मध्ये थोडी ढील ठेवून, आठच्या आकड्यासारख्या गुंडाळल्या तर इजा होत नाही. असे तुकडे आपल्या समाजातील कापड दुकानांत पोत्याने पडलेले असतात.

सिमेंटची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती मोठ्या झाडांनाही मारते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांच्या संदर्भात आदेश दिला होता की खोडाभोवती एक मीटरच्या आतील काँक्रीट काढून टाकावे. एक मीटर म्हणजे काही फार नाही. दुकानाच्या पायरीपुढे मांडलेल्या स्टुलाइतकी जागा. पण आमच्या रस्त्यावर पदपथाचे नूतनीकरण झाले तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी पेव्हर ब्लॉक खोडाला टेकवून बसविले. त्यांना नकाशा सरळ रेषेचा दिला होता. मी नकाशा मागितला तेव्हा त्यात झाडे दाखवलेलीच नव्हती. झाड असे लगेच मरत नाही. तीन-चार वर्षे शेंड्याकडून वाळत येते आणि मग ‘कीड लागली’ असा शेरा पडतो. मे 2021 मधील तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडे कोसळली, तेव्हा वाऱ्याची चर्चा पुष्कळ झाली. रस्ते आणि गटारांची कामे होताना ज्यांची मुळे एका बाजूने छाटली गेली आहेत, ती झाडे वाऱ्यापुढे कशी उभी राहणार, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

जातींच्या निवडीबद्दल थोडक्यात. आमच्या 32 रोपांत 12 गुलमोहर आणि 8 सप्तपर्णी होती. बाकी कडुलिंब, बहावा व ताम्हण. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा, दिसतो सुंदर, वाढतो भराभर. पण त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असल्याने वळवाच्या वाऱ्यात फांद्या गाड्यांवर पडतात आणि मग साऱ्याच झाडांविरुद्ध लोकमत तयार होते. सप्तपर्णी आपलीच, परंतु एकाच रस्त्यावर ओळीने लावली की शरदातल्या रात्री तिचा वास काहींना असह्य होतो. एकाच धंद्यात सारे कर्ज अडकवू नये हा बँकेचा नियम येथेही लागू पडतो. एकाच जातीच्या रांगेत एक रोग शिरला की रांग संपते. मुंबईतील पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकणाने ग्रासले तेव्हा हे दिसलेच आहे. विजेच्या तारांखाली बहावा, ताम्हण, आपटा अशी मध्यम उंचीची झाडे असावीत. ताम्हण तर आपल्या राज्याचे राज्यपुष्प. तारांखाली वड-पिंपळ लावून पुढे दरवर्षी त्यांची एका बाजूने मान कापायची, हा प्रकार झाडाला आणि तारेला दोघांनाही धोक्याचा.

आता आपल्या दुकानांकडे वळतो, कारण शहरातील रस्त्याकडेच्या झाडाचे भवितव्य महापालिकेइतकेच समोरच्या दुकानदाराच्या हातात असते. त्याच्या गल्ल्यावरून ते दिवसाचे बारा तास दिसते. आपण त्याला फलक ठोकतो, दिव्यांच्या माळांनी आवळतो, उरलेले चहाचे पाणी आणि फिनेल त्याच्या मुळाशी ओततो. पुण्यातील काही तरुणांनी झाडांवरचे खिळे उपटण्याची मोहीम चालविली तेव्हा एकेका खोडातून मूठमूठ खिळे निघाले. हे खिळे बाहेरगावच्या लोकांनी येऊन ठोकलेले नव्हते.

माझ्या धाकट्या आतेभावाचे याच रस्त्यावर कापडाचे दुकान आहे. दारासमोर पंचवीस एक वर्षांचा कडुलिंब. दोन वर्षांपूर्वी त्याने दुकानाचे नूतनीकरण केले, मोठ्या खर्चाने प्रकाशित फलक लावला आणि झाडाने तो निम्मा झाकला. तो माझ्याकडे अर्ज घेऊन आला. झाड धोकादायक झाले आहे, तोडण्यास हरकत नाही, अशी शिफारस त्याला हवी होती. ‘दादा, समोर दोन नवी दुकानं झालीत. त्यांचा फलक चौकातून दिसतो. माझं गिऱ्हाईक पुढं निघून जातं. माझ्या मुलानं कर्ज काढून हे केलंय.’ त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. भाडे, पगार, कर्जाचा हप्ता हे सारे त्या फलकावर अवलंबून आहे असे त्याला वाटत होते, आणि व्यापाऱ्याला असे वाटणे म्हणजे लोभ असे मी मानत नाही.

मी त्याला म्हटले, ‘अरे, झाड निरोगी आहे. धोकादायक आहे असं मी लिहून देणार नाही.’

तो उठून गेला. आत्याबाईंचा दूरध्वनी आला, मग आमच्या सौभाग्यवतींशी बोलणे झाले, मग जेवणाच्या ताटावर दोन दिवस शांतता. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या जतनाचा कायदा 1975 पासून आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानतात आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून ती सात वर्षे सांभाळावी लागतात. म्हणजे त्या कडुलिंबाच्या बदल्यात 25 रोपे. माझ्या वहीचा अनुभव धरला तर त्यांतील सातच जगतील, आणि तीही कुठल्या तरी टेकडीवर. भावाच्या दुकानासमोर नाही. हा हिशेब मी त्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘कायदा मला सांगू नका, उपाय सांगा.’

त्याचे म्हणणे रास्त होते. उपाय असा निघाला की खालच्या फांद्या रीतसर परवानगी घेऊन काढाव्यात आणि झाडाचा घेर वर उचलावा, म्हणजे फलक घेराखालून दिसेल. पण हे एका दिवसात होत नाही. एका वेळी चौथ्या हिश्श्याहून अधिक फांद्या काढल्या तर झाड खचते, म्हणून दोन टप्पे, मध्ये एक वर्ष. फांदी खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेर कापावी लागते, खुंटही ठेवायचा नाही आणि कडेही दुखवायचे नाही. असे कापणारा माणूस शोधण्यात दीड महिना गेला. शहरात झाडे छाटणारे पुष्कळ आहेत, पण हे काम शिकलेले फार थोडे. पहिला टप्पा झाला. फलकावरील दुकानाचे नाव आता चौकातून दिसते, खालची ओळ दिसत नाही. दुसरा टप्पा येत्या हिवाळ्यात. उन्हाळ्यात दुचाक्या लावायला गिऱ्हाईक त्याच झाडाखाली येते, हे मी त्याला बोलून दाखवले नाही. त्याला ते माझ्याआधीपासून ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाला त्याने नेहमीप्रमाणे बोलावले. वहीपूजन झाले, पेढे झाले. झाडाचा विषय दोघांनीही काढला नाही.

या सगळ्या खटाटोपातून माझ्या मनाने एक गोष्ट धरली. मेलेल्या 23 रोपांपैकी बहुतेकांना वाचविण्यासाठी पैसा थोडा आणि नजर जास्त लागली असती. खोदकाम सुरू होताना कोणी तरी ‘इथे रोप आहे’ म्हणणारे हवे होते. तार रुतायला लागली तेव्हा पक्कड घेऊन कोणी तरी यायला हवे होते. नुसती नजर ठेवायला कोणी नियमित येत नाही; पाणी घालायला ठरवलेला माणूस मात्र आठवड्यातून दोनदा येतो आणि त्याला सगळे दिसते. कर्जदाराकडे जाणाऱ्या त्या कनिष्ठ अधिकाऱ्याचे काम आमच्या रस्त्यावर पाणी घालणारा करू शकेल, असे मला वाटले.

त्यासाठी लागणारी व्यवस्था आपल्या समाजाला नवी नाही. पांजरपोळ आणि भोजनशाळेत आपण कायम तिथी लिहितो. ठरावीक रक्कम ठेव म्हणून देतो, तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवसाचा चारा किंवा जेवण होते. आजोबांच्या पुण्यतिथीची अशी नोंद दोन पिढ्यांनंतरही चालू असलेली मी पाहिली आहे. रोप लावण्यासाठी देणगी देण्यापेक्षा पाण्याची तिथी का लिहू नये, असा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवला. हिशेब असा : फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 18 आठवडे, आठवड्यातून दोन फेऱ्या, म्हणजे 36 फेऱ्या. प्रत्येक झाडाला एका फेरीत 20 लिटर. टाकी, टेम्पो आणि माणूस मिळून आमच्याकडे एका फेरीला 600 रुपये पडतात. एका तिथीची ठेव 10,000 रुपये. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 650 रुपये व्याज. वरचे 50 रुपये जाळ्या सैल करणे, पट्ट्या बदलणे यासाठी. 36 तिथींचे 3,60,000 रुपये. मुद्दल शाबूत राहते. व्याजदर उतरले तर फेऱ्या कमी पडतील ही भीती एका सदस्याने व्यक्त केली. ती खरी आहे. पण रोपाला हे पाणी तीन-चार वर्षेच लागते. त्यानंतर तेच व्याज पुढच्या रोपांकडे जाते, आणि व्याज कमी असेल त्या वर्षी नवी रोपे कमी लावायची. थंडीत पंधरवड्यातून एकदा दोन बादल्या समोरच्या दुकानाने घालायच्या, एवढे मात्र मान्य करून घेतले.

विरोध झाला तो पाटीवरून. रोपाला नाव लागते, पाण्याला कोठे लावणार? शेवटी मंडळाच्या कार्यालयात भोजनशाळेत असतो तसा तिथींचा तक्ता लावायचे ठरले. एक व्यवहारी सूचना आमच्या सूनबाईंनी केली. घरपट्टीच्या बिलात वृक्षांच्या नावाने कर आकारला जातो, तर त्या पैशांतून रस्त्यासाठी काय झाले हे दरवर्षी लेखी विचारावे. हा कर मी इतकी वर्षे न वाचता भरणाऱ्या लाखो लोकांप्रमाणेच भरत आलो आहे. पहिले पत्र गेले आहे, पोच मिळाली आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही मंडप न घालता 14 रोपे लावली : बहावा, ताम्हण, करंज, कडुलिंब आणि दोन बकुळ. जुनी 9 धरून 23. वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली आहे. पाणी घालणारा तरुण वाचू-लिहू शकतो, त्यामुळे शेऱ्याचा रकाना आता तोच भरतो. मार्चमधील एक नोंद अशी आहे : ‘क्र. 11, बहावा, केबलवाले खणत होते, थांबवले, एक हात सरकून खणले.’

तिथींच्या तक्त्यावर 36 पैकी 27 नावे आली आहेत. त्यांत एक नाव माझ्या आतेभावाच्या मुलाचे आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातील चार आणि जूनमधील पाच तिथी अद्याप रिकाम्या आहेत.